न डुगडुगणारं टेबल आणि अडकलेला खांब

“खांब कापायचा असेल ना, तर आधी मला उचलून बाजूला ठेवा!”

नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात दोन लाकडी स्टुलांवर एक लांबलचक लोखंडी खांब आडवा ठेवला होता. त्याच्यावर दोन्हीकडे पाय सोडून छिन्नी बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. समोर तिची आत्या हातात गॅसकटर घेऊन उभी होती. कटर अजून पेटवलेला नव्हता, एवढंच काय ते नशीब.

छिन्नीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. जिभेला धार म्हणून आत्याच्या शेजारच्याच वर्कशॉपमध्ये सगळे तिला छिन्नी म्हणायचे, आणि तिलाही ते नाव भारी आवडायचं.

“छिने, उतर खाली,” आत्या म्हणाली.

“नाही उतरत!”

“उतर म्हणते ना!”

“चालव कटर माझ्यावरून!”

“बघा! बघा ही आजकालची मुलं!” नाट्यगृहाचे व्यवस्थापक कडाडले. त्यांची पांढरी पँट इतकी कडक इस्त्रीची असायची, की तिच्या घडीवर कांदा चिरता आला असता. मुलांनी त्यांना इस्त्रीसाहेब करून टाकलं होतं, अर्थात त्यांच्या पाठीमागे. “परवा माझा जीव जायचा राहिला! तालमीत खांब वर जाता जाता अडकला. खाली घ्यायला गेलो तर खाली येईना, आणि मग एकदम धाडकन आदळला! दिव्याचा चक्काचूर! माझ्या पायापासून एवढ्याशा अंतरावर!”

त्यांनी हाताने दाखवलेलं ते अंतर कालपेक्षा आज बरंच कमी झालं होतं.

खांब आत्यानेच बनवला होता. मोठ्या चौकोनी पाइपात एक लहान चौकोनी पाइप. हँडल फिरवलं की तारेचा दोर आतल्या पाइपाला वर ओढायचा आणि त्याच्या डोक्यावरचे रंगमंचाचे दिवे छताजवळ पोचायचे. आधी दिवेवाल्याला हातात दिवा धरून शिडी चढावी लागायची. आत्याच्या खांबामुळे ती कसरत संपली. बरेच महिने खांब लोण्यासारखा वरखाली होत होता. आणि आता हे!

“लोखंडी मशीनमध्ये म्हणे प्लास्टिकचे ठोकळे घातलेत!” इस्त्रीसाहेब म्हणाले. “मशीन आहे की खेळणं? ही अक्कल कुणाची, कळू दे तरी!”

“माझी,” आत्या शांतपणे म्हणाली.

छिन्नीने चमकून आत्याकडे पाहिलं. कारण ते खोटं होतं. कल्पना छिन्नीची होती!

सुरुवातीला आत्याने लोखंडावर लोखंड सरकवून पाहिलं होतं. ग्रीस लावलं, तर त्यात धूळ बसून काळा चिखल झाला आणि पाइप किंचाळायला लागला. आत्या डोकं धरून बसली. तेव्हा छिन्नीने एक मोडकी प्रवासी बॅग आणली, तिचं ओढायचं हँडल खोललं आणि आतले प्लास्टिकचे तुकडे दाखवले. “बघ आत्या, पाइप पाइपाला शिवतच नाही. मधल्या तुकड्यांवरून सरकतो!” मग दोघींनी नायलॉनच्या जाड पट्टीतून काड्यापेटीएवढे ठोकळे कापले. प्रत्येक ठोकळ्याच्या कडा छिन्नीने स्वतः कानस घासून गोल केल्या होत्या. बोटांना फोड आले होते.

“आत्या खोटं बोलतेय! ती कल्पना माझी आहे!” छिन्नी ओरडली. “आणि ती चुकीची नाहीये!”

“तू गप्प बस.” आत्याचा आवाज थकलेला होता. “साहेब, खांब कापून टाकते आणि विषय संपवते. उद्यापासून मी खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकंच करीन. मशीनबिशीन बंद. डोक्याला ताप नको.”

हे मात्र छिन्नीला सहन होईना. आत्याच्या वर्कशॉपची एक अख्खी भिंत मशीनच्या चित्रांनी भरलेली होती. अजून न बनवलेल्या मशीनच्या! ती सगळी चित्रं आता काढून टाकणार? आणि तीही आपल्या ठोकळ्यांपायी?

तेवढ्यात वकील पुढे झाला. वकील म्हणजे छिन्नीच्या वर्गातला तिचा मित्र. भात खायचा की पोळी, यावरही तो घरी वाद घालायचा. “साहेब, एकच मुद्दा. खांब नाट्यगृहाचा आहे. मग कापायचा हुकूम अध्यक्षबाईंनी दिलाय का?”

“त्या संध्याकाळी येतायत. तेव्हा सांगेन मी त्यांना.”

“म्हणजे अजून दिलेला नाही!”

आत्याने क्षणभर वकिलाकडे पाहिलं आणि कटर खाली ठेवला. “पोरगा बरोबर बोलतोय. बाईंनी सांगितल्याशिवाय मी कापणार नाही.”

इस्त्रीसाहेबांचं नाक लाल झालं. “ठीक आहे! संध्याकाळपर्यंत! पण तोवर या खांबाला एकानेही बोट लावलं, तर सुट्टी संपेपर्यंत फाटकाच्या आत घेणार नाही!”

“बोट नाही लावत,” वकील म्हणाला. “डोळे लावले तर चालतील?”

साहेब तरातरा निघून गेले. आत्याही वर्कशॉपकडे वळली. छिन्नी खांबावरून उतरली तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण ते तिने बाहीने असे काही पुसले, की जणू घामच होता.

“एक गंमत पाहिलीत का?” इतका वेळ गप्प असलेली गॉगल म्हणाली. गॉगल म्हणजे त्यांची तिसरी मैत्रीण. जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि चष्म्याशिवायच्या लोकांना दिसत नाही ते नेमकं बघायची. “आज इस्त्रीसाहेबांच्या पँटवर चहाचा डाग नव्हता.”

“अगं, इथे खांब कापायला निघालेत आणि तुला डाग कसले सुचतायत!”

“रोज असतो. गुडघ्याच्या जरा वर.”

“आज चहा प्यायले नसतील.”

“मिशीत बिस्किटाचा चुरा होता,” गॉगल म्हणाली. पण तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता? वकिलाने सायकलचा टॉर्च काढून आणला होता.

बोट लावायचं नाही म्हणजे नाही! वकील हात पाठीमागे बांधून खांबाभोवती फिरू लागला. छिन्नीने टॉर्च धरला. गॉगल जमिनीवर गुडघे टेकून खांबाच्या तोंडात बघू लागली. आतला पाइप परवा आदळला तसाच आत तिरका रुतून बसला होता.

“आतला पाइप निळा आहे,” गॉगल म्हणाली.

“निळा? शक्यच नाही! आम्ही तो उघडाच ठेवला होता. घासून गुळगुळीत करून, तेलाचा हात फिरवून!”

“मग ये आणि बघ. निळा रंग आहे आणि रंगावर ओरखडे आहेत. कोपऱ्यांवर लोखंड पार चकाकतंय.”

छिन्नी धपकन तिच्या शेजारी बसली. खरंच की! लोखंड लोखंडाला घासलं होतं. आणि ठोकळ्यांचं तर सगळं काम एकच होतं, पाइपाने पाइपाला शिवायचं नाही. तिने टॉर्च बाहेरच्या पाइपाच्या तोंडाभोवती फिरवला. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. बाहेरून आत आलेले स्क्रू होते. स्क्रूंच्या पुढे काहीच नव्हतं.

“ठोकळे कुठायत?” तिचा आवाज चिरकला.

“झिजून पडले असतील,” वकील म्हणाला.

“तू कुणाच्या बाजूने आहेस रे?”

“तुझ्याच! पण साहेब हेच म्हणणार ना? मग उत्तर आत्ताच शोधून ठेव.”

छिन्नीने क्षणभर डोळे मिटले. खरंच झिजले असतील तर? तर साहेब बरोबर आणि आपण चूक. तर आत्याने आपल्यासाठी उगाच बोलणी खाल्ली. पण बघायला तर हवंच होतं.

“नायलॉन झिजलं तर पांढरा भुगा पडतो,” ती म्हणाली. “गॉगल, भुगा दिसतोय?”

“काळी लोखंडी पूड आहे. पांढरं कणभरही नाही.”

खांबाचं बूड काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे खालचं टोकही उघडं होतं. तिघं धावत तिकडे गेली. आतल्या पाइपाच्या शेपटीला आणखी चार ठोकळे असायला हवे होते, स्क्रूने बसवलेले. तेही नव्हते. होती ती स्क्रूची भोकं, आणि त्या भोकांत...

“निळा रंग!” छिन्नी ओरडली. “भोकं रंगाने बुजलीयत! म्हणजे ठोकळे आधी काढले आणि मग रंग लावला!”

“म्हणजे ज्याने रंगवलं, त्याने काढले,” वकील म्हणाला.

“पण नुसते ठोकळे काढल्याने एवढा जड खांब अडकतो?” गॉगलने विचारलं.

“तुमच्या कपाटाचा एखादा खण सैल आहे का?”

“आहे ना! एका बाजूने ओढला की तिरका होतो आणि रुतून बसतो.”

“आणि मग हिसका दिला की?”

“एकदम अंगावर येतो!” गॉगलचे डोळे भिंगांमागे आणखी मोठे झाले.

“तसंच झालं परवा!” छिन्नी उडी मारून उठली. “चला, निळा रंग कुणाच्या हाताला लागलाय ते बघू!”

शोधायला लांब जावंच लागलं नाही. नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीला शिडी लावून रंगारीकाका निळा पट्टा ओढत होते आणि शीळ घालत होते.

“काका, काय मस्त रंग लावलाय हो सगळीकडे!” वकिलाने साखर पेरली.

“मग! नाट्यमहोत्सव आहे. साहेब म्हणाले, सगळं चकाचक पाहिजे.”

“दिव्यांचा खांबही तुम्हीच रंगवलात?”

रंगारीकाकांची छाती फुगली. “मी काही ऐरागैरा नाही. दिसतं तेवढंच रंगवणारे वेगळे! मी खांब सुटा केला, आतला पाइप उपसून काढला, वरपासून खालपर्यंत दोन हात दिले!”

“आणि ते पांढरे ठोकळे?” छिन्नीने श्वास रोखून विचारलं.

“पॅकिंग होय? काढून टाकलं की! नव्या फ्रिजमध्ये नसतात का पांढरे तुकडे? काही लोक ते वर्षानुवर्षं काढतच नाहीत. तसलंच ते. पण पॅकिंग काढलं आणि काय सांगू, पाइप सरकन आत गेला! इतका सैल झाला!”

आता मात्र छिन्नीला राहवेना. “काका! ते पॅकिंग नव्हतं! तेच तर मशीन होतं!”

शीळ थांबली. रंगारीकाका शिडीची एक पायरी वर चढले. “म्हणजे परवा खांब पडला तो...”

“त्याचमुळे!”

काका आणखी एक पायरी वर. “मी साहेबांना विचारूनच काढलं हो! त्यांनी ठोकळे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, छान आहेत, इकडे दे, कामाला येतील.”

“हे अध्यक्षबाईंना सांगाल?”

काका थेट शिडीच्या टोकाला! “छे छे! मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. साहेबांनी मला पुन्हा कामाला बोलावलं पाहिजे ना? जा बाळांनो, खेळा जा!”

बोंबला! साक्षीदार हातात आला आणि शिडीवर चढून बसला. आता ठोकळेच सापडायला हवे होते.

तिघांनी अडगळीची खोली पालथी घातली. नाटकातले मुकुट, मोडकी सिंहासनं, तलवारी, एक भुसा भरलेलं हरीण, सगळं उपसलं. कचऱ्याचे डबे उलटेपालटे केले. साहेबांच्या खोलीत वकील “पंखा चालू राहिलाय का बघतो” म्हणून शिरला आणि तितक्याच वेगाने बाहेर फेकला गेला. ठोकळ्यांचा पत्ता नाही! ऊन कलायला लागलं होतं.

शेवटी धुळीने माखलेली तिघं कॅन्टीनमध्ये येऊन बसली. कॅन्टीनवाल्या मावशींनी काही न विचारता सरबताचे तीन पेले आणून ठेवले. सवयीने तिघांनी आपापला गुडघा टेबलाखाली टेकवला. इथली सगळीच टेबलं डुगडुगायची. जमीन खचलेली होती आणि कुणी ती नीट करत नव्हतं. गुडघा लावला नाही तर पेला मांडीवर आलाच म्हणून समजा! पेला उचलायचा तर गुडघा लावायचा, हे मुलं चालायला शिकली तेव्हापासून शिकली होती.

“गुडघा काढा,” गॉगल अचानक म्हणाली.

“का?”

“काढा तर!”

तिघांनी गुडघे काढले. टेबल हललं नाही. वकिलाने कोपरा दाबला. टेबल ढिम्म! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी तिघांची डोकी टेबलाखाली गेली. अर्थातच ती एकमेकांवर आपटली.

“आई गं!”

पण दुखणं विसरायला एक क्षणही लागला नाही. टेबलाच्या एका पायाखाली काड्यापेटीएवढा पांढरा ठोकळा होता. गोल घासलेल्या कडा, मधोमध स्क्रूचं भोक, आणि कोपऱ्यात खिळ्याने कोरलेला बारीकसा बाण. कुठली बाजू वर, ते कळावं म्हणून छिन्नीनेच तो कोरला होता.

“माझा ठोकळा!” छिन्नीने तो ओळखीच्या माणसाला भेटावं तसा कुरवाळला.

आठही सापडले. प्रत्येक टेबलाखाली एखादा, आणि खिडकीजवळच्या टेबलाखाली दोन. ते टेबल इस्त्रीसाहेबांचं होतं.

“तरी म्हटलं!” गॉगल म्हणाली. “पँटवर डाग का नव्हता!”

“चला, उचला आणि थेट अध्यक्षबाईंकडे!” वकील उठला.

“थांब.” छिन्नीने त्याची बाही धरली. “आपण दाखवले तर साहेब म्हणणार, यांनीच आणून ठेवले. पोरांचं कोण ऐकतंय? ते स्वतःच्या तोंडाने बोलले पाहिजेत.”

“स्वतःच्या तोंडाने? कसे?”

छिन्नीने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं आणि हळूच हसली. “मावशी, साहेब अध्यक्षबाईंना चहा पाजायला इथेच आणतात ना?”

“त्याच टेबलावर,” मावशी म्हणाल्या. मग मुलांचे चेहरे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी काही बघितलं नाही हं! मी आपली भांडी घासतेय.”

संध्याकाळी अध्यक्षबाई आल्या. बाई उंच होत्या, कमी बोलायच्या, आणि त्या बघायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप शर्टाची बटणं तपासायचा. इस्त्रीसाहेबांनी त्यांना अदबीने खिडकीजवळ बसवलं. शेजारच्या टेबलाशी आत्या उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या टेबलाखाली छिन्नी होती, फ्रॉकच्या खिशात आठ ठोकळे घेऊन.

“सांगायचं म्हणजे, बाई,” साहेबांनी चहाचा कप पुढे ओढला, “त्या खांबात प्लास्टिक घातलं होतं. प्लास्टिक! मी तर पहिल्या दिवसापासून...”

त्यांनी जोर येण्यासाठी टेबलावर हात आपटला. टेबल एका बाजूला कललं, कप बशीतून निसटला आणि गरमागरम चहा थेट कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटवर!

“अरे, अरे, अरे!” साहेब ताडकन उठले. “मावशी! टेबलाखालचे ठोकळे कुणी काढले? मी स्वतः लावून घेतले होते!”

“कुठले ठोकळे?” अध्यक्षबाईंनी आपला कप सावरत विचारलं.

“अहो ते पांढरे, नायलॉनचे! उत्तम होते! रंगाऱ्याने त्या दिव्यांच्या खांबातून काढले ना, ते! नुसतं पॅकिंग होतं, म्हटलं वाया कशाला...”

ते थांबले. मावशींच्या हातातलं भांडंसुद्धा गप्प झालं.

“म्हणजे,” अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, “खांबातलं प्लास्टिक तुम्ही आधी काढून घेतलंत. आणि खांब पडला तो प्लास्टिकमुळे?”

“म्हणजे... ते पॅकिंग... आणि ते प्लास्टिक...” साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बिचाऱ्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी आत्ता पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसल्या होत्या. “ते एकच?”

“एकच!” छिन्नी टेबलाखालून सरपटत बाहेर आली आणि तिने आठही ठोकळे ओळीने मांडले. “हे ते! आम्ही कापले, मी घासले, आणि यांच्यामुळे काहीही पडलेलं नाही! पडलं ते हे काढल्यामुळे!”

“छिने!” आत्या म्हणाली. पण तिच्या हाताची घडी सुटली होती.

अध्यक्षबाईंनी एक ठोकळा उचलून उलटसुलट पाहिला. “बोलणं सोपं असतं, मुली. सिद्ध करशील?”

“आत्ताच्या आत्ता!” छिन्नी म्हणाली.

अंगणात गर्दी जमली. छिन्नीने बाहेरचे स्क्रू मागे घेतले, वकील आणि गॉगलने जोर लावून आतला पाइप उपसला. शेपटीच्या भोकांतला रंग टोकरून चार ठोकळे बसवले, पाइप पुन्हा आत घातला, तोंडाशी उरलेले चार लावले. तिने पाइप ढकलला. तो वीतभर सरकला आणि थांबला. पुन्हा ढकलला. हलेना!

“बघा!” साहेबांना एकदम धीर आला.

छिन्नीचे कान तापले. सगळं बरोबर लावलं होतं, मग का? तिने पाइपावरून तळवा फिरवला. चिकट, खडबडीत. “रंग!” ती म्हणाली. “रंगामुळे पाइप जाड झालाय! हा सगळा खरवडायला हवा.”

“ते काम माझं,” मागून आवाज आला. रंगारीकाका! हातात पत्र्याची खरवडणी, काखेत रंग उतरवायच्या द्रावणाचा डबा. “मी लावला, मीच काढणार. आणि बाई, ठोकळे मी काढले होते. शिडीवरून सांगणार होतो, पण वरून आवाज पोचेना.”

सगळे हसले. काकांनी मात्र हात असे चालवले, की बघता बघता पाइप पुन्हा उघडा झाला. मुलांनी पॉलिश पेपरने तो घासला. आत्या अजून लांबच उभी होती. पण छिन्नी स्क्रू आवळायला वाकली तेव्हा तिच्या हातात कुणीतरी बरोबर मापाचा पाना ठेवला. वर बघायची गरजच नव्हती. तेलाचा वास आत्याचा होता.

“जाड कागद पाहिजे,” छिन्नी म्हणाली. “ठोकळा पाइपाला घट्ट आवळला तर पाइप गुदमरतो आणि फार सैल सोडला तर डुलतो. मध्ये कागदाएवढी फट हवी.”

अध्यक्षबाईंनी पर्समधून नाट्यमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका काढली आणि तिचा कोपरा टरकन फाडून दिला. छिन्नीने तो तुकडा ठोकळा आणि पाइपाच्या मध्ये धरला, कागद जेमतेम अडेपर्यंत स्क्रू आवळला, नट घट्ट केला आणि कागद ओढून काढला. अशा चारी बाजू झाल्या.

खांब उभा केला. बूड जमिनीला आवळलं, आणि परवा तुटलेल्या दिव्याच्या जागी डोक्यावर तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी बांधली.

“सगळे मागे व्हा,” आत्या म्हणाली. “हँडल मी फिरवते.”

“मी फिरवणार,” छिन्नी म्हणाली. “ठोकळे माझे आहेत.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि हँडलपासून एक पाऊल बाजूला झाली.

छिन्नीने हँडल धरलं. एक फेरा. दुसरा. तारेचा दोर ताणला. आतला पाइप निघाला वर! ना किंचाळणं, ना थरथर. नुसता बारीक सळसळ आवाज. वर, वर, आणखी वर, अंगणातल्या छोट्या आंब्याच्याही वर! आणि मग टक्! एका जागी थांबला.

“अडकला!” साहेब ओरडले.

“अडकला नाही, थांबवलाय!” छिन्नी ओरडली. “आतमध्ये खुंटी आहे. पाइपाचा बराच भाग कायम आत राहिला पाहिजे. वरचे ठोकळे आणि खालचे ठोकळे एकमेकांपासून जितके दूर, तितका खांब ताठ. जवळ आले की खण रुततो तसा रुतणार. विचारा गॉगलला!”

“आमचा खण सैल आहे,” गॉगलने गंभीरपणे साक्ष दिली.

मग छिन्नीने हँडल उलटं फिरवलं. खरी परीक्षा हीच होती. परवा घात झाला तो खाली येतानाच. पण पाइप आला, अगदी शहाण्या मुलासारखा, दोर एकदाही सैल न पडता. वाळूची पिशवी तळाशी टेकली तेव्हा धप्प असासुद्धा आवाज झाला नाही.

वकिलाने अशी काही शिट्टी मारली की कावळे उडाले! मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या. अध्यक्षबाई पुढे आल्या, त्यांनी स्वतः हँडल फिरवून खांब एकदा वर नेला, खाली आणला, आणि मगच बोलल्या. “खांब महोत्सवाला रंगमंचावर उभा पाहिजे. कापायचा विषय संपला. आणि यंत्राला रंग लावायचा असेल, तर यापुढे ते बनवणाऱ्याला विचारून. ऐकलंत ना, व्यवस्थापक?”

“हो, बाई.” साहेबांनी खाली घातलेली मान वर केली. ते आत्याकडे वळले आणि घसा खाकरला. “चुकलं माझं. न बघताच तोंड सोडलं.” मग छिन्नीकडेही बघून म्हणाले, “तुझ्याही बाबतीत चुकलं.”

छिन्नीने हसून मान डोलावली. पण साहेबांना मात्र दुसरीच काळजी लागली होती. ते ओल्या पँटकडे बघत पुटपुटले, “मग आता माझ्या टेबलाचं काय?”

“गुडघा लावा, साहेब!” तिघं एका सुरात ओरडली.

अंगणभर हशा पिकला. तो ओसरल्यावर अध्यक्षबाईंनी आत्याला विचारलं, “ही ठोकळ्यांची कल्पना नेमकी कुणाची?”

सकाळी याच अंगणात आत्याने या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. तेव्हा तिला भाचीला कुणाच्या बोलण्यापासून वाचवायचं होतं. आता तिने छिन्नीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझ्या भाचीची. मी नुसतं वेल्डिंग केलं.”

मग तिने वर्कशॉपमधून हातोडी आणि पोलादी ठसा आणला. स्वतः बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर आत्या तो ठसा मारायची, पण वस्तू कसाला उतरली की मगच. खांबावर तो अजून मारलेला नव्हता.

“घे, मार,” ती म्हणाली. “आणि उद्या सकाळी लवकर ये. भिंतीवरच्या चित्रांपैकी पुढचं मशीन कुठलं करायचं, ते ठरवायचंय.”

छिन्नीने ठसा खांबावर टेकवला, ओठ घट्ट मिटले आणि हातोडी उचलली.

ठण्ण!